नॅन शेपर्ड : डोंगरावर नव्हे, डोंगरात

मूळ लेख (उत्तरवारा)

ॲबर्डीनला राहायला आले त्या पहिल्याच आठवड्यात कोपऱ्यावरच्या दुकानदाराने सुटे पैसे परत देताना पाच पौंडांची एक निळी नोट माझ्या हातावर ठेवली. लंडनच्या नोटांची सवय असल्यामुळे ती मला आधी खोटीच वाटली, कारण तिच्यावर राणी नव्हती. दोन वेण्या पुढे सोडलेली, कपाळावर पट्टी बांधून तिच्या मधोमध खडा लावलेली एक तरुण स्त्री माझ्याकडे रोखून पाहत होती. कुठल्यातरी लोककथेतली राजकन्या असावी असे समजून मी नोट पर्समध्ये टाकली. स्कॉटलंडमधल्या बँका स्वतःच्या नोटा छापतात, आणि २०१६ पासून रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडच्या पाच पौंडांच्या नोटेवर असलेला हा चेहरा नॅन शेपर्ड या कादंबरीकर्त्रीचा आहे, हे मला पुष्कळ उशिरा कळले. त्या पट्टीचीही एक गोष्ट आहे. फोटो काढायला बसल्यावर स्टुडिओत पडलेला फिल्मचा एक तुकडा या बाईंनी सहज उचलला, डोक्याभोवती गुंडाळला आणि त्यावर ब्रोच खोचला. त्या राजकन्या मुळीच नव्हत्या, शिक्षकांच्या प्रशिक्षण महाविद्यालयात इंग्रजी शिकवणाऱ्या प्राध्यापिका होत्या.

शेपर्ड यांचा जन्म ११ फेब्रुवारी १८९३ चा, ॲबर्डीनजवळच्या पीटरकल्टर गावातला. (लिहितात पीटरकल्टर, पण इथली माणसे म्हणतात पीटरकूटर; या भागात नाव वाचून उच्चार करणारा माणूस हमखास फसतो.) त्या जेमतेम महिन्याच्या असताना कुटुंब शहराच्या पश्चिमेला असलेल्या कल्ट्स या वस्तीत राहायला आले आणि जवळजवळ सारे आयुष्य त्यांनी तिथल्या त्याच एका घरात काढले. वडील इंजिनिअर होते, आई बहुतेक काळ आजारी असे. भाऊ १९१७ मध्ये क्षयाने गेला, वडील १९२५ मध्ये गेले. स्कॉटलंडच्या विद्यापीठांनी मुलींना प्रवेश द्यायचे ठरवले ते १८९२ साली, म्हणजे त्यांच्या जन्माच्या आदल्या वर्षी, त्यामुळे शिक्षणाची वाट त्यांना उघडी मिळाली. १९१५ मध्ये त्या ॲबर्डीन विद्यापीठातून एम.ए. झाल्या, त्याच वर्षी शिकवू लागल्या आणि १९५६ पर्यंत शिकवत राहिल्या. आपल्या हाताखालून जाणारे निदान काही विद्यार्थी तरी ठरीव साच्यात पुरते बसू नयेत हे देवाने आपल्याला नेमून दिलेले काम आहे, अशा अर्थाचे त्यांनी एका पत्रात मिस्कीलपणे लिहिले आहे. त्यांनी लग्न केले नाही.

लेखनाचा हिशेब मात्र चकित करणारा आहे. 'द क्वारी वुड' १९२८ मध्ये, 'द वेदरहाउस' १९३० मध्ये आणि 'अ पास इन द ग्रॅम्पियन्स' १९३३ मध्ये, अशा तीन कादंबऱ्या पाच वर्षांत आल्या. १९३४ मध्ये 'इन द केर्नगॉर्म्स' हा कवितासंग्रह आला. त्यानंतर १९७७ पर्यंत, म्हणजे त्रेचाळीस वर्षे, त्यांच्या नावावर नवे पुस्तक नाही. वाणी गेल्यासारखे झाले आहे, ती परत येईल किंवा येणारही नाही, आणि नाही आली तर मुकेपणावरच समाधान मानावे लागेल, असे त्यांनी कादंबरीकार नील गन यांना १९३१ मध्येच कळवले होते. पण या मौनाच्या काळातच, दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, त्यांनी एक छोटे पुस्तक लिहून पूर्ण केले होते. आज त्यांचे नाव प्रामुख्याने ज्यामुळे घेतले जाते ते, १९७७ मध्ये छापून आलेले 'द लिव्हिंग माउंटन' हेच.

हा धागा काढण्याचे कारण त्या पुस्तकातला एक शब्द आहे, शब्द कसला, एक शब्दयोगी अव्यय. गिर्यारोहणाचे इंग्रजी साहित्य डोंगरा'वर' जाते. शेपर्ड डोंगरा'त' जातात. केर्नगॉर्म्स हा स्कॉटलंडच्या मध्यभागी, किंचित पूर्वेकडे, ग्रॅनाइटचा एक प्रचंड उंच सडा, म्हणजे पठार, आहे. ब्रिटनमधले दुसऱ्या क्रमांकाचे शिखर बेन मॅकडुई, १,३०९ मीटर, याच सड्यावर आहे. शेपर्ड म्हणतात की सडा हाच खरा माथा. ज्यांना आपण वेगवेगळी शिखरे म्हणतो ते त्या पृष्ठभागावर उठलेले केवळ भोवरे आहेत. हे एकदा मान्य केले की किती शिखरे झाली ही मोजणी निरर्थक होते. म्हणून पुस्तकाची प्रकरणे चढाईच्या वाटांवरून पाडलेली नाहीत. सडा, त्याच्या कपारी, डोंगरांचा समूह, पाणी, बर्फ, हवा आणि प्रकाश, वनस्पती, पक्षी-प्राणी, माणूस, झोप, इंद्रिये आणि शेवटी नुसते 'असणे', अशी ती बारा प्रकरणे आहेत. होय, झोपेवर स्वतंत्र प्रकरण आहे, कारण डोंगरावर झोपून जागे होताना, स्वतःची ओळख परत येण्याआधीच्या त्या क्षणी, डोंगर जितका जवळचा होतो तितका तो चालताना होत नाही असा त्यांचा अनुभव होता.

मला सर्वांत भावते ते पाण्याचे प्रकरण. डी नदी ब्रेरिअख शिखराच्या सड्यावर, सुमारे बाराशे मीटर उंचीवर, काही झऱ्यांतून उगवते, उघड्या माळावरून थोडी वाहते आणि कड्यावरून खाली झेप घेते. पाणी खडकातून वर येते आणि वाहून जाते, अगणित वर्षे हेच चालले आहे, आणि ते स्वतः असण्यापलीकडे काहीही करत नाही, एवढेच शेपर्ड तिथे नोंदवतात. या निरीक्षणाला त्यांच्या बाबतीत एक वेगळाच अर्थ आहे. हीच नदी पुढे त्यांच्या कल्ट्सच्या खालून वाहत ॲबर्डीनला समुद्राला मिळते. जन्मभर ज्या पाण्याच्या काठी राहिल्या त्याचाच उगम त्या पुन्हा पुन्हा चढून जाऊन पाहत होत्या.

दुसरा प्रसंग आन तलावाचा. (नकाशावर 'लॉख एव्हन' दिसेल, पुन्हा तोच उच्चाराचा सापळा.) जुलै महिन्यात त्या आणि त्यांची एक सोबतीण त्या तलावात उतरल्या. पाणी इतके नितळ होते की तळाचा प्रत्येक दगड दिसत होता. मांड्यांपर्यंत पाण्यात असताना शेपर्ड यांनी सहज खाली पाहिले, तर पावलांपुढचा तळ एकाएकी संपला होता आणि तिथून खाली प्रकाशाने भरलेली खोल दरी उघडली होती. त्या क्षणी मन थांबले, असे त्या लिहितात. भीतीचे नाट्य नाही, देवाचे नाव नाही. आपण एका पावलाने काय पाहू शकतो, एवढेच.

इंग्रजी समीक्षक या डोंगरात जाण्याला क्रांतिकारक म्हणतात आणि ते बरोबरच आहे. मराठीत वाचताना मात्र मला वेगळेच जाणवले. आमच्या गावाकडे कुणीही 'डोंगरावर गेलो' म्हणत नसे. गुरे डोंगरात जात, आजी करवंदांसाठी डोंगरात जाई. 'वर' जाणारे आम्ही, शहरातून पाठीवर पिशवी घेऊन येणारे. शेपर्ड यांना आपल्या भाषेविरुद्ध जाऊन जे मिळवावे लागले ते आजीच्या तोंडी आयतेच होते.

प्रतिसाद १ (सह्यभटका)

लेख आवडला, परंतु एका मुद्द्यावर मतभेद नोंदवतो. 'शिखर सर केले' या शब्दप्रयोगामुळे आम्हा ट्रेकर मंडळींना नेहमीच अहंकारी ठरवले जाते. पंचविशीतल्या मुलाला उंचीची ओढ असणे हा दोष आहे का? आणि शेपर्ड बाई पहिल्या दिवसापासूनच अशा शांतपणे कपारीत बसत होत्या, यावर माझा विश्वास बसत नाही.

उत्तरवारा

आपला अविश्वास योग्य आहे, आणि त्याला पुष्टी खुद्द शेपर्डच देतात. सुरुवातीला उंचीची चव पुन्हा चाखण्यासाठी आपण वेड्यासारखे थेट माथे गाठत होतो आणि कपारी धुंडाळायला थांबत नव्हतो, असे त्या स्वच्छ कबूल करतात. पहिल्यांदा त्या एकट्याच, बर्फ पडून गेल्यावरच्या ऑक्टोबरच्या निळ्या दिवशी, केर्नगॉर्म्सच्या कडेच्या एका टेकडीवर चढल्या तेव्हा त्यांना सफरचंदे चोरायला निघालेल्या पोरासारखे वाटले होते. ओढ संपली असे त्या म्हणत नाहीत. मुक्कामाचे ठिकाण न ठरवता, एखाद्या मित्राकडे नुसते बसायला जावे तसे डोंगराकडे जाणे हळूहळू जमत गेले, असे म्हणतात. त्यात उपदेशाचा सूर कुठेही नाही, म्हणून मला ते पटते.

प्रतिसाद २ (वाचनखूण)

आपण तिन्ही कादंबऱ्या दोन ओळींत उरकल्या, याबद्दल तक्रार आहे! नोटेवर छापलेले वाक्य, जगायची मुभा मिळणे ही केवढी मोठी गोष्ट आहे या अर्थाचे, ते 'द क्वारी वुड' मधले आहे. एडिंबरोमध्ये लेखकांच्या स्मरणार्थ फरशीत बसवलेल्या शिळांपैकी त्यांच्या शिळेवरही तेच कोरले आहे. या कादंबरीची सुरुवातच पाहा. मार्था आयर्नसाइड नऊ वर्षांची असताना तिने आपल्या आजेमावशीला लाथ मारली, या वाक्याने पुस्तक उघडते, आणि त्याच परिच्छेदात आपल्याला कळते की चोवीस वर्षांच्या मार्थाला शहाणपण शिकवले ते त्याच म्हातारीने, केवळ पुस्तकांनी नव्हे. गरीब, गबाळ्या घरातली मुलगी विद्यापीठात जाते, जिवलग मैत्रिणीच्या नवऱ्यावर प्रेम करून बसते, त्यातून सावरते आणि घरी परतते. वरवर पाहता कथानक साधे आहे, पण १९२८ मध्ये शिकलेल्या मुलीच्या गोष्टीचा शेवट लग्नात किंवा मरणात न करणे ही लहान गोष्ट नव्हती. ईशान्य स्कॉटलंडच्या शेतकरी जीवनावरची कादंबरी म्हटली की सगळे लुईस ग्रासिक गिबन यांची 'सनसेट साँग' काढतात. ती १९३२ ची, 'द क्वारी वुड' त्याआधी चार वर्षांची.

भाषेचेही सांगायला हवे. निवेदन प्रमाण इंग्रजीत आहे, पण माणसे बोलतात ती त्या भागाची डोरिक बोली. मुलीला 'क्वाइन', मुलाला 'लून'. शब्दार्थांची यादी शेजारी ठेवून वाचावे लागले, तरी विसाव्या पानानंतर कान तयार होतो.

उत्तरवारा

तक्रार मान्य. माझ्या मते तिन्हींत श्रेष्ठ 'द वेदरहाउस'. पहिल्या महायुद्धातून आजारी होऊन परतलेला गॅरी फोर्ब्ज आपल्या मृत मित्राशी वाङ्निश्चय झाला होता असे सांगत फिरणाऱ्या एका स्त्रीचे खोटे उघडे पाडायला निघतो, आणि सत्य म्हणजे आपल्याला वाटली तशी सरळ वस्तू नव्हे हे त्याला त्या गावातल्या बायका शिकवतात. जवळजवळ सगळी कादंबरी बायकांनी भरलेली आहे, कारण पुरुष युद्धावर गेले आहेत. तिसरी कादंबरी मला थोडी घाईची वाटते. गावाकडे परतून झगमगाट करणारी गायिका बेला कॅसी हे पात्र तिच्या भोवतीच्या पुस्तकापेक्षा मोठे झाले आहे.

प्रतिसाद ३ (आषाढसरी)

मला वाचताना सारखी दुर्गाबाईंच्या 'ऋतुचक्र'ची आठवण येत होती. तीच तल्लीनता, तीच एका जागी राहून पाहण्याची शिस्त. कुणी तुलना केली आहे का?

उत्तरवारा

आठवण मलाही झाली, पण साम्य फार ताणू नये. दुर्गाबाई महिन्यामागून महिना चालतात, त्यांच्या पानांत काळ फिरतो, आणि प्रत्येक फुलामागे संस्कृत काव्य आणि लोकगीत उभे असते. शेपर्ड काळ जवळजवळ बाजूला ठेवतात आणि पूर्वसूरींना क्वचितच बोलावतात. त्यांचा भर शरीरावर आहे. फुललेल्या हेदरमधून (इथल्या डोंगरमाळावरचे खुरटे झुडूप) अनवाणी चालले तर पायाला कसे लागते, उन्हाने तापलेला वाळका चिखल टाचेखाली कसा वाटतो, पाठमोरे उभे राहून, पाय फाकवून, वाकून पायांमधून उलटे पाहिले की ओळखीचा देखावा कसा परका होतो, हे सर्व त्या प्रयोगशाळेतल्या नोंदींसारखे लिहितात. एक प्रतिष्ठित प्राध्यापिका माळावर अशी वाकून उभी आहे हे दृश्य मला फार आवडते.

प्रतिसाद ४ (ग्लासगोकर)

मी येथे पंधरा वर्षे हिवाळी चढाई करतो, म्हणून एक सावधगिरीची सूचना. हे पुस्तक वाचून भारावलेले अनेक जण केर्नगॉर्म्सला सौम्य समजतात, कारण चढ सोपा आहे आणि माथा सपाट. धोका नेमका सपाटीचा आहे. ढग उतरला की जमीन आणि आकाश एकाच पांढऱ्या रंगाचे होतात आणि कड्याची धार दिसत नाही. १९७१ च्या नोव्हेंबरमध्ये शाळकरी मुलांचा एक गट याच सड्यावर वादळात अडकला. त्यात पाच मुले आणि त्यांच्यासोबतची एक तरुण साहाय्यिका, अशी सहा जणे गेली. झोपेचे प्रकरण वाचून कुणी उघड्यावर पथारी पसरू नये.

उत्तरवारा

सूचनेबद्दल आभारी आहे. शेपर्ड यांनी हे झाकलेले नाही. हिमवादळात वाट चुकलेल्या दोन तरुणांबद्दल त्या लिहितात. ते सापडले तेव्हा त्यांचे गुडघे आणि बोटांची पेरे खरवडून निघाली होती, आणि त्यांतला थोरला रांगण्याच्या अवस्थेतच बर्फात गोठलेला होता. युद्धकाळात डोंगरावर कोसळलेल्या विमानातल्या झेक वैमानिकांचाही उल्लेख आहे. चुकलेल्यांना दोष द्यायला त्या तयार नाहीत, कारण स्वतःचा जीव धोक्यात घालण्याची जबाबदारी ज्याची त्यानेच घ्यायची असते असे त्यांचे मत होते.

प्रतिसाद ५ (चौकस)

पुस्तक तीस वर्षे का पडून राहिले? स्त्री म्हणून प्रकाशकांनी नाकारले का?

उत्तरवारा

इतके सरळ उत्तर देता येणार नाही. हस्तलिखित १९४५ मध्ये नील गन यांनी वाचले, त्यांना ते मनापासून आवडले, पण प्रकाशक मिळणे कठीण जाईल असे त्यांनी कळवले आणि छायाचित्रे व नकाशा घालण्याचा सल्ला दिला. शेपर्ड यांनी ते एका ठिकाणी पाठवले, तिथून सौजन्यपूर्ण नकार आला, आणि त्यांनी ते खणात ठेवून दिले. पुन्हा कुठेच पाठवले नाही. या दुसऱ्या गोष्टीचेच मला जास्त नवल वाटते. इतरांच्या लेखनासाठी त्या झटत होत्या. १९४१ मध्ये आगगाडीत भेटलेल्या जेसी केसन या शेतमजुराच्या बायकोला त्यांनी कथास्पर्धेत भाग घ्यायला लावले, आणि केसन पुढे नावाजलेल्या लेखिका झाल्या. स्वतःचे पान मात्र खणात. म्हातारपणी सामानाची आवराआवर करताना ते पुन्हा हाती लागले, वाचल्यावर शिळे वाटले नाही, आणि १९७७ मध्ये ॲबर्डीन युनिव्हर्सिटी प्रेसने ते छापले. त्यानंतर चार वर्षांनी, १९८१ मध्ये, त्या गेल्या. आजची त्यांची कीर्ती बरीचशी २०११ च्या आवृत्तीनंतरची आहे, जिला निसर्गलेखक रॉबर्ट मॅकफार्लन यांची प्रस्तावना आहे.

प्रतिसाद ६ (अर्धवटराव)

प्रामाणिकपणे सांगतो, मी चाळिसाव्या पानावर सोडले. गोष्ट नाही, वाट नाही, कोण कुठून कुठे चालले आहे ते कळत नाही. नील गन यांचे नकाशाबद्दलचे म्हणणे मला तरी पटते.

उत्तरवारा

नकाशा हवाच, मीही शेजारी ठेवूनच वाचले. पण सुरुवातीपासून वाचण्याचा हट्ट सोडून पाण्याच्या चौथ्या प्रकरणापासून वाचून पाहा. तिथेही मन लागले नाही तर 'द क्वारी वुड' घ्या, त्यात गोष्ट आहे आणि वादावादीही पुष्कळ आहे.

जाता जाता एक अडचण मांडते. १९७७ च्या प्रास्ताविकाचे मराठी करून पाहत आहे. तीस वर्षे म्हणजे डोंगराच्या आयुष्यात पापणी लवण्याइतका काळ, असे म्हणून त्या लगेच त्या तीस वर्षांत काय काय झाले याची यादी देतात : एव्हीमोर गाव ज्वालामुखीसारखे उसळले आहे, रस्ते झाले आहेत, बर्फावर घसरणाऱ्यांसाठी खुर्च्यांच्या तारा आल्या आहेत, उंचावर रेस्टॉरंट गजबजले आहे. त्यात बुलडोझर डोंगरात कसे शिरतात हे सांगताना त्यांनी 'बर्झ' हे स्कॉट्स क्रियापद वापरले आहे. अंगाच्या जोराने ढकलत, चेपत, जागा करून घेणे असा त्याचा अर्थ. मी सध्या 'मुसंडी मारतात' असे केले आहे.

वाचनखूण

'मुसंडी' नको वाटते. मुसंडी रानडुक्कर मारते आणि ते डोंगराचेच असते. बुलडोझरला तो मान कशाला द्यायचा? भरलेल्या एसटीत दारातून लोक शिरतात ते क्रियापद शोधा.

उत्तरवारा

'रेटून घुसतात' करते.